विमानाच्या वायरला थिंबल कोणतं?

प्रश्न : दोन आसनी विमान घरी बांधतोय. वायर जोडण्यासाठी तिच्या टोकाला बसवायची धातूची टोकं, म्हणजे थिंबलं, उद्यमनगरात साधी मिळतात; ती चालतील का? की वायरला डाखच (सोल्डर) द्यावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डाख नको. डाख वायरच्या आतल्या बारीक तारांमध्ये वर चढतो, वायर तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी त्याच कडेला तुटते. दाबून बसवायची थिंबलंच वापरा. पण घरगुती वायरिंगची स्वस्त पीव्हीसी थिंबलं फक्त तांब्याच्या तारा धरतात, इन्सुलेशनला आधार देत नाहीत. विमानासाठी नायलॉनची आणि आत तांब्याची दुसरी नळी असलेली घ्या. ती इन्सुलेशनही पकडते. लाल रंगाचं थिंबल २२ ते १६ गेजच्या (AWG, वायरच्या जाडीचा क्रमांक) वायरला, निळं १६ ते १४ला, पिवळं १२ ते १०ला.

पक्कड रॅचेटचीच हवी. पूर्ण दाब बसल्याशिवाय ती सुटत नाही. साध्या पक्कडीने दाब कमी-जास्त होतो, सांधा तापतो. वायर सोलताना एकही तार कापली गेली, तर टोक छाटून पुन्हा सोला. आधी नमुन्याचे चार-पाच सांधे करून ओढून पाहा: १८ गेजच्या सांध्याने सुमारे १७ किलोचा ताण सोसायला हवा.

स्टडवर (नट बसणाऱ्या आट्यांच्या खुंटीवर) गोल डोळ्याचंच थिंबल लावा. काट्याचं, म्हणजे उघड्या तोंडाचं, थिंबल नट सैल होताच निसटतं.