रकान्यात ‘नाही’ लिहू नका

प्रश्न : मारहाणीच्या खटल्यात (भादंवि कलम 326) ऑक्टोबर 2022 मध्ये मला 3 वर्षे सक्तमजुरी आणि 5,000 रुपये दंड झाला. दंड भरता आला नाही, म्हणून त्यापोटीचे 3 महिनेही भोगून सुटलो. नोकरीच्या फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ असा रकाना आहे. मित्र म्हणतात, ‘नाही’ लिही. सिक्युरिटी गार्डचं कामही मिळतंय. आखातात जायला पासपोर्ट मिळेल? दंड परत मागतील का?

उत्तर : मित्रांचं ऐकू नका. माहिती लपवली एवढ्याच कारणावरून नोकरी जाऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात (2016) म्हटलं आहे. खरं लिहिलं म्हणून मालकाने घेतलंच पाहिजे असं नाही, हेही त्याच निकालात आहे. पण आजचा नकार परवडतो. चार वर्षांनी, घराचे हप्ते चालू असताना आलेली बडतर्फी नाही परवडत. ‘होय, शिक्षा भोगून पूर्ण’ असं लिहा आणि तुरुंगातला सुटकेचा दाखला जोडा. शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित प्रतही काढून ठेवा. पोलिसांच्या नोंदीत खटला कधी कधी न्यायप्रविष्टच राहिलेला असतो आणि चारित्र्य पडताळणी तिथे अडते. तेव्हा हीच प्रत दाखवून नोंद दुरुस्त करून घ्यायची.

गार्डचं काम मात्र सोडा. खासगी सुरक्षा संस्थांच्या 2005 च्या कायद्यात (कलम 10) शिक्षा झालेल्याला गार्ड म्हणून ठेवायला मनाई आहे. एजन्सीवाले हे सांगत नाहीत.

पासपोर्ट कायदा, कलम 6 : नैतिक अधःपतनाच्या (समाजाच्या नीतिमत्तेला धक्का देणाऱ्या, लाजिरवाण्या) गुन्ह्यात 2 वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून 5 वर्षे पासपोर्ट नाकारला जातो. मुदत सुटकेपासून मोजत नाहीत. तुमचा गुन्हा त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. पण घाई नसेल तर ऑक्टोबर 2027 नंतर अर्ज करा, तो वादच उरत नाही.

दंड न भरल्याबद्दलची पूर्ण कैद भोगल्यावर, विशेष कारणं लेखी नोंदवल्याशिवाय कोर्ट वसुलीचं वॉरंट काढू शकत नाही. पण दंडातून जखमीला भरपाई द्यायचा आदेश असेल, तर हे संरक्षण नाही आणि वसुली निघू शकते. तुमच्यासारख्या खटल्यात असा आदेश असू शकतो. नक्कल हातात आली की शेवटच्या पानावरचा आदेश आधी वाचा.