कंटेनर तुमचा, मग सही मुलीची का?

नाशिकच्या सातपूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. स्टेशनरीचं होलसेल दुकान. चीनहून लहान मुलांचे बोटाने रंगवायचे रंग मागवले, पाकिटांवर आयएसआय मार्क नाही म्हणून माल न्हावा शेवा बंदरात अडकलाय. आयात-निर्यात कोड मुलीच्या नावावर आहे. ती एकोणीस वर्षांची, एस.वाय. बी.एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र. 'तिचं कॉलेज बंद करून कस्टम क्लिअरन्सचा तीन महिन्यांचा कोर्स लावतो, म्हणजे पुढचा माल घरच्या घरी सुटेल. कुठला कोर्स चांगला?' पत्र निळ्या शाईत आहे. शेवटच्या पानाच्या कडेला पेन्सिलीने, बारीक अक्षरात एक ओळ आहे: 'मॅडम, मला डिग्री पूर्ण करायची आहे.'

भाऊ, तुमचा प्रश्न मी एकदा वाचला, ती ओळ चार वेळा. मुलीला तुमच्यासमोर पेन्सिलीने, कडेला लिहावं लागतंय, याची मला मालापेक्षा जास्त काळजी वाटते.

लेकीच्या नावाने धंदा सुरू केला की बरकत येते, या भावनेनेच तुम्ही कोड काढला असेल. पण प्रोप्रायटरी फर्म, म्हणजे एकाच मालकाचा धंदा, ही कायद्याने ती व्यक्तीच. कोड तिच्या पॅनला जोडलेला आहे. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या कागदात, मालाची किंमत, वर्णन, एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) जे काही जाहीर होतं, ते खरं आणि पूर्ण असण्याची जबाबदारी कायद्याने आयातदारावर असते. सीएचए, म्हणजे कस्टम ब्रोकर, तुमच्या वतीने कागद भरतो, म्हणून ती टळत नाही. उद्या नोटीस निघाली, दंड लागला, तर तो तिच्या नावावर. नोकरीला लागण्याआधी हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवताना तिला विचारलं होतंत का? पत्रात 'मी ठरवलं' तीनदा आहे, 'ती म्हणाली' एकदाही नाही.

आता तुमचा मुख्य गैरसमज. क्लिअरन्स शिकलेलं माणूस घरात असलं की माल सुटतो, असं नाही. सरकारने खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्र 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं केलं. खेळण्यांच्या आयएस 9873 या मानकात बोटाने रंगवायच्या रंगांसाठी सातवा भाग स्वतंत्र आहे. आणि बीआयएसचं लायसन्स मिळतं ते माल बनवणाऱ्या कारखान्याला, आयातदाराला नाही. चीनमधल्या त्या कारखान्याकडे ते नसेल, तर इथे पाकिटावर स्टिकर लावून काही होत नाही. म्हणजे चूक बंदरात झाली नाही, ऑर्डर देताना झाली. द्राक्षवाल्या नाशिकला हे नव्याने सांगायला नको: 2010 मध्ये औषधाच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, ती काय कागद भरणाऱ्यांमुळे? या मालाचं पुढे काय करायचं, परत पाठवायचा की कसं, हे जाणत्या ब्रोकरला आणि वकिलाला आजच विचारा. भाडं रोज चढतंय.

परीक्षांचं थोडक्यात: कस्टम ब्रोकरचं लायसन्स, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेतून इन्स्पेक्टर, यूपीएससीतून आयआरएस (महसूल सेवेतला अधिकारी), सगळीकडे पदवी लागते. बारावीवर जे मिळतं ते ब्रोकरच्या हाताखालचं काम. कॉलेज सोडवून तुम्ही तिच्या वाटा कमी करताय.

आणि उत्तर तर तुमच्या घरातच बसलंय. लहान मूल रंगाचं बोट तोंडात घालणारच. म्हणून शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक, अँटिमनी, बेरियम, क्रोमियम, सेलेनियम ही आठ मूलद्रव्यं रंगातून किती सुटतात ते प्रयोगशाळेत मोजतात. हे मोजणारं, त्याचा रिपोर्ट वाचून 'हा माल घेऊ नका' असं पैसे देण्याआधी सांगणारं माणूस म्हणजे केमिस्ट. तुम्ही तीन महिन्यांच्या कोर्ससाठी तिची तीच डिग्री मोडायला निघालात.

बाळा, तुझ्यासाठी: टी.वाय. पूर्ण कर. विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. जमली तर उत्तम, नाही तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कामाला सुरुवात कर. सुट्टीत अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटी विभागात महिनाभर बसायला मिळतंय का बघ. आणि न वाचता कुठल्याही कागदावर सही करू नकोस, बाबांनी पुढे केलेल्यासुद्धा.

भाऊ, हा माल मार्गी लागला की तिच्या नावाचा कोड डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवरून सरेंडर करा. धंदा करायचाच असेल तर स्वतःच्या पॅनवर नवा काढा, फी 500 रुपये आहे.