शंका-समाधान : उभी असलेली यंत्रे पुन्हा हलतील का?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना विचारले होते की, जुन्या व दुर्मीळ विमानांपैकी, रेल्वे इंजिनांपैकी किंवा गाड्यांपैकी कोणते एक वाहन आपल्याला प्रत्यक्ष चालताना पाहायला आवडेल. उत्तरांत आठवणी पुष्कळ आल्या. त्यांतून ज्यांत उत्तर देण्याजोगी शंका होती, अशी पाच पत्रे निवडली असून जागेअभावी ती थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सुट्टीत गोव्याला गेलो असताना दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर ठेवलेले चार इंजिनांचे 'सुपर कॉन्स्टेलेशन' पाहिले. माझे वडील सांगत की, एअर इंडियाचे असे विमान सांताक्रूझला उतरताना त्यांनी पाहिले होते. ते पुन्हा उडवणे खरोखर अशक्य आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : गोव्यातील विमान मूळचे एअर इंडियाचेच, नाव 'रानी ऑफ एलोरा', त्यामुळे आपल्या वडिलांनी पाहिले ते हेच असणे अगदी शक्य आहे. प्रवासी सेवा संपल्यावर ते हवाई दलाकडे आणि १९७६ साली सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे गेले. ते उडवण्यातील अडचण इंजिनांपासून सुरू होते, परंतु तेथे संपत नाही. राइट कंपनीच्या त्या प्रत्येक इंजिनात दोन कड्यांत बसवलेली १८ सिलिंडर असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चारही इंजिने मिळून १४४ प्लग होतात. शिवाय बाहेर पडणाऱ्या तप्त धुरावर प्रत्येक इंजिनामागे तीन लहान टर्बाइन फिरवून ती शक्ती पुन्हा क्रँकशाफ्टला देण्याची करामत त्यात आहे, जी त्या काळी कौतुकाची होती आणि मेकॅनिकांच्या शिव्यांचीही धनी होती. इंधन म्हणून उच्च ऑक्टेनचे विमानी पेट्रोल लागते; आजची जेट विमाने ज्यावर चालतात ते रॉकेलाच्या जातीचे इंधन येथे निरुपयोगी आहे.

हे सारे पैसे ओतून जमवता येईल. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या विमानाचा खरा वैरी खारा वारा असतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला आतून क्षरण लागले की त्याचे पापुद्रे सुटू लागतात; पुणेकरांना समजेल असे सांगायचे तर खारीचे पदर सुटावेत तसे. वरचा रंग शाबूत दिसतो आणि पंखाच्या मुळाशी भार पेलणारी तुळई मात्र फुगलेली असते. ती तपासायची तर पंख उतरवावे लागतात, आणि पंख उतरवले की दुरुस्तीचे रूपांतर नव्याने विमान बांधण्यात होते. लुफ्तान्सा कंपनीने याच घराण्यातील शेवटचा नमुना असलेले 'स्टारलायनर' २००७ साली उडवण्यासाठी विकत घेतले, दहा वर्षे त्यावर काम केले, दहा कोटींहून अधिक युरो खर्ची घातले आणि २०१८ साली तो बेत सोडून दिला. याउलट ऑस्ट्रेलियातील वुलनगाँगजवळच्या एका हौशी संस्थेचे कॉन्स्टेलेशन उडत्या अवस्थेत आणले गेले. हे विमान त्याआधी वर्षानुवर्षे ॲरिझोनाच्या कोरड्या वाळवंटात उभे होते आणि १९९६ साली स्वतःच्या पंखांनी महासागर ओलांडून सिडनीला पोहोचले. दोहोंतील सगळा फरक हवेचा होता असे मी म्हणणार नाही, पण बराचसा होता. गोव्याच्या 'रानी'साठी आज मागावे ते इंजिन नव्हे, छप्पर मागावे.

प्रश्न : वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 'मरुत' हे लढाऊ विमान पाहिले. ब्रिटनमध्ये जुनी जेट विमाने हौशी लोक उडवतात, तर भारतातच आराखडा होऊन बनलेले पहिले जेट लढाऊ विमान आपण का उडवू नये?
— एक विद्यार्थी, विमाननगर

उत्तर : प्रश्न रास्त आहे, कारण येथे आडवे येणारे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. कुर्ट टँक या जर्मन अभिकल्पकाच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला घडलेले हे विमान सुरंजन दास यांनी १७ जून १९६१ रोजी प्रथम उडवले आणि पुढे अशी एकूण १४७ विमाने बनली. त्यातील ऑर्फियस इंजिन ज्या कुळातले, त्याच कुळातले इंजिन 'नॅट' या छोट्या ब्रिटिश जेट विमानात होते, आणि ब्रिटनमध्ये काही नॅट आजही उडतात. तेव्हा इंजिनाची विद्या नष्ट झालेली नाही. अडते ते इतरत्र. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातील स्फोटक काडतुसांची मुदत असते आणि ती ठरावीक काळाने बदलावीच लागतात. हायड्रॉलिक सील, काचेचे छत, इंधनाच्या रबरी पिशव्या यांचेही तसेच. आणि या सर्वांवर 'हे उडण्यास योग्य आहे' अशी सही करणारा अधिकृत जबाबदार कोणीतरी असावा लागतो. ब्रिटनचे 'व्हल्कन' बॉम्बफेकी विमान लोकवर्गणीच्या आधारावर २००७ साली पुन्हा उडाले, आणि २०१५ साली तांत्रिक जबाबदारी घेणाऱ्या कंपन्यांनी अंग काढून घेतल्यावर उडण्याजोगे असूनही कायमचे जमिनीवर आले. विमान पुष्कळदा कागदावर आधी मरते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. सुरंजन दासांचा मृत्यू १९७० साली मरुतच्याच सुधारित नमुन्याच्या चाचणीत झाला, आणि तेव्हा त्यामागे एक अख्खा कारखाना उभा होता. म्हणून माझे मत असे, की मरुतचे इंजिन जमिनीवर सुरू करून ते धावपट्टीवर थोडे चालवून दाखवावे आणि तेथेच थांबावे. इंग्लंडमधील ईस्ट कर्बी येथे 'लँकेस्टर' हे दुसऱ्या महायुद्धातील एक बॉम्बफेकी विमान नेमके हेच करते आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. आकाशातच काही पाहायचे असेल तर हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातील 'परशुराम' हे डाकोटा जातीचे जुने वाहतूक विमान पाहावे. भंगारात निघालेले हे विमान तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेऊन, डाकोटाचे वैमानिक राहिलेल्या आपल्या वडिलांच्या वतीने हवाई दलाला भेट दिले, आणि २०१८ साली ते तेथून उडत भारतात आले. डाकोटाच्या जातीची दहा हजारांहून अधिक विमाने बनल्यामुळे सुटे भाग अजून सापडतात. मरुतच्या बाबतीत ती सोय नाही.

प्रश्न : जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणले ते 'पस मॉथ' उडताना पाहायचे आहे. — एक वाचक, औंध

उत्तर : पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, तेच उड्डाण जे. आर. डीं.नी वयाच्या ७८ व्या वर्षी पुन्हा केले. मात्र विमान पस मॉथच्या पुढच्या पिढीतील 'लेपर्ड मॉथ' होते. अशी छोटी विमाने पुन्हा उडवणे त्यातल्या त्यात सोपे असते. याच घराण्यातील एक 'टायगर मॉथ' हवाई दलाने २०१२ साली पुन्हा आकाशात नेले.

प्रश्न : माझी निम्मी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या वेळची जी विजेची इंजिने होती, त्यांना आम्ही 'खेकडा' म्हणत असू. उभे असतानाही ते कण्हत असे आणि चालू लागले की चाकांच्या दांड्यांचा सपक-सपक आवाज रात्री दरीपलीकडे ऐकू येई. तो आवाज एकदा नातवाला ऐकवायचा आहे.
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, घोरपडी

उत्तर : सर्व पत्रांत हे पत्र मला अधिक भावले, आणि याचेच उत्तर सर्वांत चमत्कारिक आहे. १९२८ पासून आलेली ही ४१ मालवाहू इंजिने स्वित्झर्लंडच्या 'क्रोकोडाइल' पद्धतीची. मोटारींची शक्ती थेट चाकांना न देता वाफेच्या इंजिनासारख्या आडव्या दांड्यांमधून देणारी. आपण लिहिलेला सपक-सपक त्या दांड्यांचाच. यांपैकी काही इंजिने जतन केलेली आहेत, आणि समजा त्यांतील एकाच्या मोटारी नव्याने गुंडाळून, बेअरिंग बदलून ते ठणठणीत केले, तरीही ते घाटात एक इंचही हलणार नाही. कारण ते १,५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेवर चालणारे, आणि मुंबई-पुणे मार्गावरील एकदिश वीज टप्प्याटप्प्याने काढून २०१५ पर्यंत सर्वत्र २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज आणली गेली. रूळ तेच आहेत, दर ३७ फुटांना एक फूट चढणारा घाटही तोच आहे, पण वरच्या तारेतून जे वाहते ते खेकड्याच्या उपयोगाचे नाही.

तरीही मार्ग आहे. एकदिश विजेच्या मोटारींना कमी व्होल्ट दिले तर त्या बंद पडत नाहीत, सावकाश फिरतात. एखाद्या शेडमध्ये शे-दोनशे मीटर रुळावर, बॅटरीच्या डब्यातून वीज पुरवून हे इंजिन माणसाच्या चालीने पुढे-मागे नेता येईल. दांडे फिरतील, आणि नातवाला ऐकवायला तेवढे पुरे आहे. घाट चढताना पाहण्याचा आग्रह मात्र आपण सोडावा.

प्रश्न : आजोबांची १९७३ ची बजाज चेतक दहा वर्षे जिन्याखाली उभी आहे. किक खाली जातच नाही. एक मेकॅनिक म्हणतो ढकलून स्टार्ट करू, दुसरा म्हणतो इंजिनच बदला. काय करावे?
— एक वाचिका, नारायण पेठ

उत्तर : दोन्ही करू नये. किक अडते याचा अर्थ बहुधा पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटल्या आहेत. अशा वेळी जोर लावला की रिंग मोडते. प्रस्तुत लेखकाने हा अनुभव स्वतःच्या स्कूटरवर, एका रविवारी, घाईत आणि शेजाऱ्यांसमोर घेतलेला आहे. प्लग काढून त्या भोकातून थोडे पातळ तेल सोडावे, तीन-चार दिवस थांबावे, आणि मग किकवर न नाचता ती हाताने हलकेच दाबून पाहावी. सुटली तर उत्तम. नाहीतर हेड आणि सिलिंडर उतरवण्यास पर्याय नाही. क्रँकशाफ्टची तेल-सीले मात्र कशीही दिसली तरी बदलावीतच. टू-स्ट्रोक इंजिनात कडक झालेल्या सीलमधून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि नुकताच सुटलेला पिस्टन पुन्हा अडकतो. इंधनाच्या नळीचे आणि कॉकचे जुने रबरही हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून तेही नवे घालावे.

इंजिन बदलू नये याला आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते, मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे लागते आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. जुनी नोंदणी असेल तर पूर्वीचा क्रमांक राखता येतो. नव्याने नोंदवायची झाल्यास शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, म्हणजे मंडईतून भाजी आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. स्कूटर एका अंगावर कलती करून मग किक मारण्याची युक्ती घरातील ज्येष्ठ आपल्याला सांगतीलच. टाकी उतरवून आतून धुतल्याशिवाय ती करू नये. दहा वर्षांचा तळाचा गंज सरळ कार्ब्युरेटरमध्ये उतरेल.