चांदीचे चार्म हाताने बनवतोय, पण कडी झाळताना चार्मच वितळतो. ९२५ चांदीमुळे असं होतं का? आणि दोन ग्रॅमच्या चार्मला घडणावळ कितीशी मागायची?

९२५ चा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असलेल्या चांदीचा, काही दोष नाही. उलट चार्मला तीच घ्या. शुद्ध चांदी मऊ असते, ब्रेसलेटमध्ये चार-पाच चार्म एकमेकांवर आपटायला लागले की कडा दबतात. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, ९२५ तिच्या आधी, ९०० च्या आसपास तिचं पूर्ण पाणी होतं. पण तुमचा घोटाळा तो नाही. तुम्ही ज्योत सांध्यावर धरून ठेवताय. चांदी उष्णता झटक्यात अंगभर पसरवते, त्यामुळे सांधा हवा तसा तापत नाही, तुम्ही तिथेच फुंकत राहता आणि पातळ कड बसते. आधी सगळा चार्म कोळशावर ठेवून चहूबाजूंनी तापवा. सवागी (झाळण्याआधी लावायचा टाकणखार) फुगून खाली बसली आणि पारदर्शक झाली की मग कडीकडे या. झाळ (सांधा जोडणारा, चांदीच्या आधी वितळणारा मिश्रधातू) चमकून धावली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. आणि दिवा मालवून काम करा, ट्यूबलाइटखाली चांदीची लाली दिसत नाही.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या त्या ‘कितीशी’मुळे.

मी कोल्हापूरजवळच्या हुपरीकडची, चांदीकामाच्या गावातली. आमच्याकडे पैंजणाची मजुरी वजनावर ठरते. घरोघरी बायका कड्या जोडतात, घुंगरं लावतात आणि माल काट्यावर जातो. आईचा जन्म त्यातच गेला. वजनावरच्या मजुरीत जड माल करणारा तरतो. नाजूक काम करणाऱ्याचे डोळे जातात आणि हातात काही पडत नाही.

मध्यंतरी एक मुलगी आली, लग्न होऊन न्यू जर्सीला चाललेली. तिच्याकडे आजीच्या देवघरातला खंडोबाचा टाक होता, पुसून पुसून इतका झिजलेला की घोडा कुठे संपतो आणि म्हाळसा कुठे सुरू होते ते बोटाने चाचपून बघावं लागे. तिला तसाच हवा होता, पण नखाएवढा, ब्रेसलेटला अडकवायला. थोरले काका शेजारीच बसले होते. “अगं, देव काय मनगटात घालतात? जेवताना खरकटं लागेल,” म्हणाले. मी म्हटलं, ताईत दंडाला बांधतातच की. “मग गळ्यात घाल म्हणावं.” मुलगी काही ऐकेना.

टाकाचे काशाचे ठसे आमच्याकडे आजोबांच्या वेळचे आहेत. ठशावर पत्रा ठेवायचा, वर शिसं, आणि हातोडीचा घाव, की देव उठला. पण एवढा लहान ठसा कुठून आणायचा? म्हणून पत्रा राळेवर बसवून मागून उठाव दिला आणि पुढून छिन्नीने रेषा काढल्या. ठोकलं की चांदी ताठरते, म्हणून मध्ये मध्ये राळेतून काढून तापवायची, नाहीतर चिरते. घोडा आला, त्यावर दोघं आली, पायाशी कुत्राही आला. शेपटीला जागा उरली नाही, सोडून दिली. मग पाठीला दुसरा पत्रा झाळला.

काकांनी तो उचलून काट्यावर ठेवला आणि ग्रॅमवर घडणावळ सांगून मोकळे झाले. तेवढ्यात माझा चहा-नाश्तासुद्धा निघाला नसता. मी मुलीसमोरच माझी किंमत सांगितली. तिने घासाघीस केली, करणारच, पण घेतला. काका तेव्हा गप्प बसले आणि रात्री जेवताना सुरू झाले: गिऱ्हाईक तोडशील, बाजारात ओतीव टाक ढिगाने मिळतात.

मिळतात ना. एका नगावरून रबराचा साचा काढायचा, त्यात मेण भरायचं, त्या मेणाभोवती प्लास्टरचा साचा करून मेण जाळून टाकायचं आणि त्या पोकळीत चांदी ओतायची, की एकसारखे हवे तेवढे. त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला हाताने घडवलेलं म्हणू नये. माझा चुलतभाऊ तेच विकतो आणि पाटीवर ‘हस्तकला’ लिहितो.

चांदी किलोला लाखाच्या वर गेली तेव्हा काका म्हणाले, आता तरी वजनावर परवडेल. कसं परवडेल? भाव चढला की गिऱ्हाईक हलका डाग, म्हणजे दागिना, मागतं. वजन उतरलं की मजुरी उतरली, आणि हलका डाग करायला वेळ तर जास्त लागतो. तेव्हा तुम्ही त्या दिवसाच्या भावाने चांदी धरा, कानशीत आणि पॉलिशमध्ये गेलेली तूट धरा, आणि तुमचे तास वेगळे लावा. ग्रॅमचा हिशोब विचारणाऱ्याला ओतीव माल करणाऱ्याचा पत्ता द्या.

हे सगळं झाल्यावर आठवलं म्हणून सांगते, पण यातलं काही टाळू नका. झाळ विकत घेताना कॅडमियम नसलेलीच मागा, तो धूर फुप्फुसांना घातक असतो, आणि खिडकी उघडी ठेवा. ठशावर शिसं वापरलंत तर तापवण्याआधी पत्रा नीट घासून घ्या, शिशाचा कण राहिला तर ज्योतीखाली चांदीला भोकं पडतात. पोकळ चार्मला बारीक छिद्र ठेवाच, आत हवा कोंडली तर तो फुटतो. ९२५ वर काळपट डाग येतो तो तांब्याचा, तापवण्याआधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली तर कमी येतो, मात्र स्पिरिटची बाटली ज्योतीपासून लांब. झाळल्यावर गरम तुरटीच्या पाण्यात टाका, त्यात लोखंडी चिमटा घालू नका, चांदीवर तांबं चढतं. पत्रा ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका, निदान हात बसेपर्यंत.

आणि बिलावर चांदी आणि घडणावळ दोन वेगळ्या ओळींत लिहा. काका हे वाचणार आहेत. त्यांना भांडायचं असेल तर इथेच भांडावं, जेवताना नको.