रविवारी गर्दी टाळून कुठे जावं?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर रविवारी सायकल चालवणं नकोसं होतं. चढाचा, पण शांत रस्ता सुचवाल?

उत्तर : डोणजे फाट्याला गडाकडे वळू नका, बरीचशी गर्दी तिकडेच जाते. पानशेत रस्त्याने खानापूरला या, तिथून डावीकडे रांजणे, मग पाबे घाट चढून वेल्ह्यात उतरा. फार देखणा रस्ता आहे! चढ दमवतो; पेडलजवळच्या छोट्या चक्रीला 34 आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीला 32 दात असले तर गुडघे वाचतात. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबा, मग सोडा. पावसाळ्यात वळणांवर खडी वाहून येते, तेव्हा 32 मिमी रुंदीचे टायर बरे. परतताना नसरापूरचा महामार्ग नको असेल, तर त्याच घाटाने या.