गिऱ्हाईक मागेल ते सगळं करून द्यायचं का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही दोघं मित्र मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतो, सांगली-मिरज भागातली पस्तीसेक दुकानं वापरतात. रोज व्हॉट्सॲपवर कुणीतरी काहीतरी नवीन मागतं. एकाला एक्सपायरी जवळ आलेली औषधं लाल रंगात हवीत, दुसऱ्याला तीच यादी एक्सेलमध्ये, तिसरा म्हणतो रोज सकाळी मेसेज आला पाहिजे. आणि आता तीन दुकानंवाले एक शेठ म्हणतात लॉयल्टी पॉइंट करून द्या, वाटल्यास जास्त पैसे घ्या, नाहीतर सॉफ्टवेअर बदलतो. पार्टनर म्हणतो गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. काय करावं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी त्या एक्सपायरीचं बघू. तिघांनी तीन गोष्टी मागितल्यात असं तुम्ही धरलंय, पण त्यांना एकदा फोन करून एवढंच विचारा, की ही यादी मिळाली की पुढं तिचं काय करता? माझा अंदाज, तिघंही सांगतील की मुदत संपायच्या आत माल स्टॉकिस्टला परत करायचाय, उशीर झाला की तो घेत नाही आणि नुकसान आपल्या गळ्यात. म्हणजे लाल रंग नकोय, एक्सेलही नकोय, कुठल्या स्टॉकिस्टचा कुठला बॅच कधीपर्यंत परत पाठवायचा त्याची स्टॉकिस्टवार यादी हवीय, बटण दाबलं की प्रिंट. एक काम, तीन गिऱ्हाइकं खूश.

म्हणून काय मागितलं एवढंच लिहून ठेवू नका, मागताना तो काय करत होता आणि ते नाही म्हणून सध्या कसं भागवतोय तेही लिहा, साधं एक्सेल पुरे, त्यासाठी महागडं टूल घ्यायची काही गरज नाहीये.

काही गोष्टींत मात्र चर्चाच नाही. 22 सप्टेंबर 2025 ला बहुतेक औषधांचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा त्या दिवशी शटर उघडायच्या आत रेट बदललेला हवाच होता. एच-वन औषधांचं, म्हणजे काही अँटिबायोटिक, झोपेच्या गोळ्या असल्या कडक नियमातल्या औषधांचं, रजिस्टरही तसंच, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंट, औषध, नग सगळं तीन वर्षं जपावं लागतं. असलं काम मागणीच्या यादीत घालूच नका, कुणी मागायची वाट न बघता करा.

आता शेठ. त्यांना विचारा, पॉइंट कशाला? शेजारी डिस्काउंटवालं दुकान उघडलं असेल तर बिलावर ठरलेली सूट आपोआप लागली तरी त्यांचं भागेल कदाचित. खरंच पॉइंटच हवे असले आणि आणखी दोघा-तिघांनाही चालणार असले तर करा, पैसेही घ्या, पण सगळ्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग म्हणून, ज्याला हवं तो चालू करेल. त्यांच्यासाठी कोडची वेगळी कॉपी काढलीत की मेलात, पुढचा प्रत्येक बदल दोनदा करत बसाल आणि त्यातला एक हमखास विसराल. आणि 'बदलतो' म्हटल्यावर लगेच घाबरू नका हो, बॅचवार स्टॉक आणि उधारीची खाती नव्या ठिकाणी चढवायची म्हणजे त्यांनाही घाम फुटतो.

नाही म्हणायचं तर त्याच दिवशी सरळ नाही म्हणा, कारण सांगा. 'बघतो' म्हटलंत की दुकानदार ते हो असंच धरतो आणि महिन्याने शिव्या घालतो.

आणि जे मेसेजच करत नाहीत त्यांचं काय? अशा एखाद्या दुकानात संध्याकाळी गर्दीच्या वेळी काउंटरमागे जाऊन बसा, मध्ये बोलू नका, फक्त बघा. दहाच्या स्ट्रिपमधल्या चार गोळ्या कापून दिल्या की पोरगा उरलेल्या सहाचा हिशोब कॉम्प्युटर सोडून कागदाच्या चिटोऱ्यावर लिहितो का? लिहीत असला तर लॉयल्टी पॉइंटच्या आधी ते करा. पार्टनरलाच पाठवा बसायला.