घोरणे मध्येच थांबते तेव्हा

प्रश्न : माझे यजमान ४९ वर्षांचे असून रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळीप्रमुख आहेत. ते पूर्वीपासूनच घोरतात. हल्ली मात्र घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो आणि थोड्या वेळाने ते घुसमटल्यासारखे धडपडून श्वास घेतात. सकाळी डोके जड असते, आणि दोन गोळ्या चालू असूनही रक्तदाब आटोक्यात नाही. मध्यंतरी ठाणे-बेलापूर रस्त्यावर सिग्नलला गाडी उभी असताना त्यांना डुलकी लागली. ‘दमलेला माणूस घोरणारच,’ असे त्यांचे म्हणणे. हा आजार आहे का, दाखवावे कोणाला आणि घोरण्यावरचे, मास्क लावून झोपायचे यंत्र ऑनलाइन मागवले तर चालेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपण केलेले वर्णन ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ या आजाराशी इतके जुळते की तपासणी लांबणीवर टाकू नये. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागे करून श्वास सुरू करून देतो. हे जागे होणे त्याला सकाळी आठवतही नाही. म्हणूनच आपले यजमान रात्रभर गाढ झोपल्याचे सांगतात आणि दिवसा पेंगतात. रात्रपाळीचा शीण हेही पेंगण्याचे कारण असू शकते, परंतु पाळीमुळे श्वास अडत नाही.

सर्वांत आधी गाडीविषयी. निदान होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी स्वतः गाडी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रबाळे हे ऐरोलीच्या पुढचेच स्थानक आहे. लोकल नसेल त्या वेळी कंपनीची बस किंवा रिक्षा परवडली. कारखान्यात यंत्रांजवळ काम असेल, तर तेथेही हीच सावधगिरी हवी.

या आजारात रोग्यापेक्षा शेजारी झोपणाऱ्याची साक्ष मोलाची असते. ते उताणे झोपलेले असताना, शक्यतो पहाटेच्या सुमारास, मोबाइलवर दहा-पंधरा मिनिटांचे चित्रीकरण करा. आवाज बंद असतानाही छाती आणि पोट वरखाली होत आहे का, हे त्यात दिसले पाहिजे. तसे दिसल्यास श्वास घेण्याची धडपड चालू आहे, पण वाट बंद आहे, असा त्याचा अर्थ होतो. हे चित्रीकरण डॉक्टरांना तर दाखवाच, पण त्याआधी यजमानांना दाखवा. वादविवादापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

फुप्फुसरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ यांच्याकडे सुरुवात करावी. ठाणे आणि नवी मुंबईतील मोठ्या रुग्णालयांत ‘स्लीप स्टडी’ होते. काही रुग्णांना ती घरच्या घरीही करता येते. श्वास किमान दहा सेकंद थांबणे किंवा लक्षणीय मंदावणे असे प्रसंग तासाला किती घडतात, हे तीत मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक तीव्र, अशी प्रौढांसाठी प्रतवारी आहे. थायरॉइडचीही तपासणी करून घ्यावी. रक्तदाब दाद देत नाही त्यामागे हाच आजार असू शकतो, पण म्हणून चालू गोळ्या मनाने बंद करू नयेत.

यंत्र मात्र चाचणीपूर्वी मागवू नका. सीपॅप हे यंत्र हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते. तो दाब प्रत्येकाचा वेगळा असतो आणि मास्क नाका-चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे निवडावा लागतो. मास्क टोचतो, हवा गळते, तोंड कोरडे पडते, अशा तक्रारींमुळे पहिल्या काही आठवड्यांत अनेक यंत्रे कपाटात जातात. यांतील बहुतेक अडचणी मास्क बदलून किंवा हवेत ओलावा देणारे ह्युमिडिफायर जोडून सुटतात, म्हणून विकत घेतानाच मास्क बदलून मिळेल का, हे विचारून घ्यावे. सौम्य किंवा मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारे, दंतवैद्याकडून बनवलेले साधनही चालते. लहान मुलांत टॉन्सिल व ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) काढल्याने अनेकदा बरे वाटते. मोठ्यांत शस्त्रक्रियेचा निकाल तितका खात्रीचा नसतो.

मद्य आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल पाडतात. त्या दोन्हींना आजपासून रजा द्यावी. वजन जास्त असल्यास ते उतरवल्याने आजार कमी होतो, मात्र वजन उतरले म्हणून यंत्र परस्पर बंद न करता पुन्हा चाचणी करून मगच डॉक्टरांशी बोलावे.